विजेरी शोधायला विजेरी

टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे वळलो आणि पावसानं गाठलं. रेनकोट होता, पण सॅकच्या तळाशी. त्याच्यावर स्लीपिंग बॅग, तिच्यावर रात्रीचे कपडे, सगळ्यांच्या डोक्यावर दोन किलो कांदे-बटाटे. भर पावसात तो संसार कातळावर मांडला. रेनकोट हाती लागेपर्यंत कोरडे कपडे पिळण्याजोगे झाले होते. मग अंधार पडला. विजेरी? तीही आतच कुठेतरी. विजेरी शोधायला विजेरी लागते, हे ज्ञान मला त्या रात्री झालं.

आणि गंमत अशी, की सॅक मी फार छान भरली होती! कुठे पोकळी नाही, कुठे फुगवटा नाही. जागेचा हिशेब चोख होता. वेळेचा मात्र मी केलाच नव्हता.

कारण सॅक म्हणजे दिवसाचं उलटं लिहिलेलं वेळापत्रक. तळाशी रात्र: स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तिचं तोंड पिळून बांधलेलं. त्यावर संध्याकाळ: शिधा आणि पातेलं, पातेल्याच्या पोटात तांदळाची पुरचुंडी. त्यावर दुपारचा डबा, रेनकोट, औषधं. झाकणाच्या कप्प्यात विजेरी, काडेपेटी, शिट्टी. आणि कमरपट्ट्याच्या खिशात अगदी ‘आत्ता’: चिक्की, लिंबाच्या गोळ्या.

हे शास्त्र तुमच्या घरात रोज चालतं. कुरडया-पापडांचे डबे माळ्यावर असतात, तांदूळ कोठीत आणि मिसळणाचा डबा ओट्यावर, शेगडीच्या शेजारी. तेल तापलं, की आईचा हात मोहरीच्या वाटीत न बघता जातो. तो कसा जातो? वाटी कधीच जागा बदलत नाही म्हणून. विजेरीचंही तसंच. तिचा कप्पा कोणता, यापेक्षा तो दर ट्रेकला तोच आहे ना, हे महत्त्वाचं. दोन-तीन ट्रेकनंतर बोटांनाच कप्पा पाठ होतो आणि डोकं मोकळं राहतं.

पण या वेळापत्रकाला न जुमानणारा एक दांडगट आहे: वजन. पाच किलोची पिशवी छातीशी धरून उभे राहा. मग तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण दहा सेकंदांत खांदे थरथरतात. पाठीमागेही हेच घडतं. जड वस्तू पाठीपासून जितकी दूर, तितकी ती तुम्हाला मागे खेचते आणि तोल सावरायला तुम्ही तितकेच पुढे वाकता. म्हणून जड सामान सॅकच्या मध्यावर, पाठीला चिकटून. कातळटप्पा चढायचा असेल तर थोडं आणखी खाली. बाहेर लटकवलेला मग मला कधीच आवडला नाही. तो हेलकावे खातो, कारवीत अडकतो आणि वर घंटा वाजवत गावाला जागं करतो.

मग पाण्याचं काय करायचं? एक लिटर म्हणजे एक किलो. तीन लिटर घेतलं की सॅकमधली सगळ्यात जड वस्तू तीच. आणि सगळ्यात जास्त वेळा लागणारीही तीच! वजन म्हणतं पाठीशी आत ठेवा, तहान म्हणते हाताशी ठेवा. हा तंटा कुणी सोडवला असेल? अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, 1980च्या दशकाच्या शेवटी, रणरणत्या उन्हातल्या शंभर मैलांच्या सायकल-सफरीत मायकेल आयडसन नावाच्या गड्यानं. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्यानं सलाइनची पिशवी पाण्यानं भरली, लांब मोज्यात कोंबली, पाठीवर बसवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपड्यांच्या चिमट्यानं अडकवली. पाणी पाठीला चिकटून, घोट ओठांशी! आज ट्रेकर चोखतात ती नळी त्या मोज्याची वंशज.

याहून जुनी सॅक पाहायचीय? 1991 साली आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, 3200 मीटर उंचीवर एका गिर्यारोहक जोडप्याला बर्फातून वर आलेला माणूस दिसला. तो सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा निघाला. त्याला आज ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ हेझलच्या वाकवलेल्या काठीची एक चौकट सापडली, बहुधा पाठीवर ओझं वाहायची. भूर्जाच्या सालीचे दोन डबे होते. त्यातल्या एकात मेपलच्या हिरव्या पानांत निखारे गुंडाळून नेले असावेत, कारण पानांना कोळशाचे कण चिकटलेले होते.

आणि कमरेला चामडी पट्टा, त्याला शिवलेली पिशवी. तिच्यात गारगोटीची छोटी हत्यारं, हाडाची आरी आणि झाडावरच्या अळंबीचा काळा, मऊ लगदा. ठिणगी पडली की धुमसत राहणारा. थोडक्यात, काडेपेटी. चौकटीवरच्या ओझ्यात नव्हे, डब्यात नव्हे. अंधारात, गारठलेल्या बोटांनीही सापडेल अशी, बेंबीजवळ.