तात्या विंचूची नजर

मराठी घरांतल्या दोन पिढ्यांना एकाच बाहुल्याने घाबरवलं आणि हसवलंही. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. गोळी लागून मरणारा गुंड तात्या विंचू मृत्युंजय मंत्राच्या जोरावर जवळच्या बाहुल्यात शिरतो आणि पुढे लक्ष्याच्या मानगुटीवर बसतो, कारण पुन्हा माणूस व्हायचं तर त्याला लक्ष्याचंच शरीर हवं असतं. बाहुला बोलतो म्हणून लक्ष्या ऊर फुटेस्तोवर सांगत सुटतो आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे यांना जाऊन वीस वर्षं उलटली, तरी त्यांचा तो भेदरलेला चेहरा पाहून आजची मुलंही हसतात. बाहुल्याचा चेहरा जवळून दिसला की मात्र हीच मुलं आजीच्या पदराआड जातात.

हॅलोविनच्या निमित्ताने एखाद्या जुन्या भुताटकीच्या विनोदी चित्रपटावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. ३१ ऑक्टोबर जवळ आला की आता रायपूरच्या मॉलमध्येही प्लास्टिकचे भोपळे टांगलेले दिसतात. अमेरिकेत या दिवसांत हौसेने पाहिला जाणारा जुना चित्रपट म्हणजे रँकिन-बास कंपनीचा 'मॅड मॉन्स्टर पार्टी'. तो १९६७ सालचा. १९३१ साली फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस साकारणारे बोरिस कार्लोफ यांनी त्यात म्हाताऱ्या बॅरनला आवाज दिला होता. हा बॅरन निवृत्त होण्याआधी जगभरच्या भुताखेतांना आपल्या बेटावर मेजवानीला बोलावतो. पात्रांची रेखाटनं जॅक डेव्हिस यांची, तर बाहुल्या हलवण्याचं काम टोकियोत तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं. मराठी घरांत त्या जागी कोणता चित्रपट लावतात, असं मी रायपुरातल्या ओळखीच्या कुटुंबांना विचारत गेलो. तात्यापाऱ्यात, चौबे कॉलनीत, सगळीकडे उत्तर एकच मिळालं: 'झपाटलेला'. आणि कुणीतरी पुढे म्हणालं, "त्या बाहुल्याच्या पोटात काय चालतं ते पाहायचं असेल तर उरल्याला जा. आमच्या ओळखीचे एक फिटरकाका तसाच बाहुला बनवतायत."

आधी ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात. यशवंत केशव पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्यांचा खेळ मराठी रंगमंचावर रुजवला. त्यांचा अर्धवटराव १९१६ सालचा, म्हणजे शंभरी पार केलेला. वडिलांचा वारसा १९६७पासून रामदास पाध्ये यांनी चालवला. पुढे पत्नी अपर्णा आणि मुलगा सत्यजित हेही या कामात आले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा याच घरातला, आणि तात्या विंचूही. रामदास पाध्ये शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शब्दभ्रमकाराला आवाज लागतो, पण बाहुला जिवंत करायला लागतात तरफा, तारा आणि स्प्रिंगा. तात्याला देह पाध्यांच्या हातांनी दिला. माणूस असतानाचा तात्या आणि बाहुल्याचा आवाज, दोन्ही दिलीप प्रभावळकरांचे.

'झपाटलेला'ची कल्पना ज्या 'चाइल्ड्स प्ले' या १९८८च्या अमेरिकी चित्रपटावरून सुचली, त्यातल्या चकी बाहुल्यामागे तंत्रज्ञांची फौज होती. चेहऱ्याचे हावभाव केबल आणि रेडिओ कंट्रोलवर चालत. काही लांबच्या दृश्यांत चकीच्या कपड्यांत एक ठेंगणा नट वावरायचा. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या बजेटमध्ये असा थाट शक्यच नव्हता. आपल्याकडे होता तो रंगमंचावर तयार झालेला हात.

उरला म्हणजे रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला लागून असलेली औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, लोखंडाने लादलेले ट्रक आणि झाडांच्या पानांवर काळपट धूळ. फिटरकाका मूळचे नागपूरचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या रोलिंग मिलमध्ये काढली. आता घरामागच्या शेडमध्ये एक छोटं लेथ मशीन, एक व्हाइस आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं, एवढाच संसार. लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते नागपुरात मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीत नाचले आहेत. बांबू आणि कागदाचे ते अक्राळविक्राळ पुतळे, त्यांच्या गळ्यातल्या टोमणे मारणाऱ्या पाट्या, आणि रोगराई घेऊन जा म्हणून होणारा गजर १८८०च्या दशकापासून चालत आला आहे. भीतीला रस्त्यावर आणून तिच्याकडे बघून हसण्याची ही रीत नागपूरच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. "बडग्या बनवतच आलो आहे मी पोरवयापासून," काका म्हणाले. "पण बडग्या पायतो कुठी? त्याले फक्त डोये रंगवले असतात. ह्याले पायता आलं पायजे."

त्यांच्या बाहुल्याचं डोकं कागदाच्या लगद्याचं आहे. लगद्यात मेथीचं पीठ आणि डिंक मिसळलेला, म्हणजे कीड लागत नाही. डोक्याच्या मागे एक चौकोनी झाकण आहे. ते उघडून काकांनी आतलं सगळं मला दाखवलं. मधोमध एक लाकडी दांडा, जो मानेच्या भोकातून पोकळ धडात उतरतो. बाहुला चालवणाऱ्याची मूठ या दांड्यावर असते. जबडा वेगळा, दोन गालांच्या मध्ये एका पिनेवर टांगलेला. जबड्याच्या मागच्या टोकाला सायकलच्या ब्रेकची तार बांधली आहे आणि ती दांड्यावरच्या एका पट्टीला जोडली आहे. अंगठ्याने पट्टी दाबली की तोंड उघडतं, सोडली की स्प्रिंग ते मिटवते. पहिल्या प्रयोगात तोंड मिटताना टक्-टक् आवाज यायचा, आणि त्या आवाजाने बाहुला निर्जीव आहे हे समोरच्याला आठवायचं. काकांनी वरच्या ओठामागे सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा चिकटवला आणि आवाज थांबला.

खरा हट्टी भाग डोळ्यांचा. दोन टेबल टेनिसचे चेंडू, प्रत्येक एका उभ्या पिनेवर फिरणारा. दोन्हींना मागून एक पितळी पट्टी जोडते, म्हणजे एक वळला की दुसराही तेवढाच वळतो. पट्टीच्या दोन टोकांना दोन बारीक स्प्रिंगा आहेत, एक डावीकडे ओढणारी आणि एक उजवीकडे. तर्जनीने तरफ हलवली की नजर बाजूला जाते. बोट उचललं की नजर मधे परत यायला हवी आणि मधेच थांबायला हवी. इथेच गाडी अडते. एक स्प्रिंग केसभर जरी सैल असली तरी बाहुला तुमच्या कानाकडे पाहतो. दोन्ही ताठ केल्या तर डोळे मधली जागा ओलांडून पुढे जातात, परत फिरतात आणि थरथरत स्थिरावतात. दोन्ही सैल ठेवल्या तर बोट उचलल्यावर नजर उशिरा येते, आणि बाहुला झोपेत असल्यासारखा वाटतो. काकांचा अख्खा पावसाळा या एका हालचालीत गेला. लेथवर पितळेच्या बुश त्यांनी पुन्हा पुन्हा कातल्या. त्यांचं म्हणणं, डोळ्याला थोडं घर्षण हवंच, पण ते दोन्ही बाजूंना सारखं हवं. शेवटी पिनांखाली चामड्याचे बारीक वायसर बसले आणि वर ग्रीसचा हलका हात फिरला.

"तोंड त कोनीही हलवते भाऊ," ते म्हणाले. "हे बगा." आणि दांडा हातात घेऊन त्यांनी नजर आधी दाराकडे नेली, मान तशीच ठेवली, मग मान सावकाश वळवली, आणि एकदम डोळे माझ्यावर आणून थांबवले. जबडा मिटलेलाच होता. माझा हात आपोआप मागे गेला.

बाहुल्याला जीव कुठून येतो, याचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. 'मॅड मॉन्स्टर पार्टी'सारख्या चित्रपटात बाहुली कॅमेऱ्यासमोर कधीच हलत नाही. आतल्या सांगाड्याचे सांधे किंचित वळवायचे, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा किंचित वळवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी. एक ठेवण दोन चौकटींसाठी वापरली तरी सेकंदाला १२ वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. दीड तासाचा चित्रपट म्हणजे सव्वा लाखाहून अधिक चौकटी. तिथे थांबणं सोपं असतं, कारण बाहुली मुळात थांबलेलीच असते. हलणं मात्र दाणा दाणा वेचून उभं करावं लागतं. काकांच्या, म्हणजेच पाध्यांच्या परंपरेतल्या बाहुल्याचं उलट आहे. हालचाल हाताबरोबर फुकट मिळते आणि सगळा घाम थांबण्यासाठी गाळावा लागतो. भीती वाटते ती बाहुला हलतो म्हणून नाही. तो हलायचं थांबवून आपल्याकडे पाहतो म्हणून वाटते. आणि हसू येतं तेही त्याच विरामानंतर.

चौकटीमागून चौकट टिपण्याची कलाही महाराष्ट्राला नवी नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळके यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून रोपाची वाढ अशाच रीतीने टिपली होती. बीला कोंब फुटून वेल वाढण्याचे दिवस पडद्यावर मिनिटांत उलगडले. १९१५च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यात काड्यांच्या आकृत्या आपोआप हलत होत्या. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. ज्याला भारतीय ॲनिमेशनची सुरुवात म्हणतात ते काम आपल्याकडे केवळ नावाने उरलं आहे.

काकांच्या शेडमध्ये बसून मला सतत याचीच धास्ती वाटत होती. बोलक्या बाहुल्याची कला एका घराने तीन पिढ्या सांभाळली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि काळजीचीही. जे एका घरात टिकतं ते त्या घराबाहेर सहज पोहोचत नाही. काकांनी तात्या विंचूचा चित्रपट थांबवून थांबवून पाहिला आणि आतली रचना आपल्या अंदाजाने बसवली. त्यांना विचारायला कुणी नव्हतं. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, वेल्डर घडतात, पण बाहुल्याच्या डोळ्यासाठी समतोल स्प्रिंग कशी निवडावी याचा धडा कुठल्याच ट्रेडमध्ये नाही. नाट्यशिक्षणात अभिनय शिकवतात, तिथे लेथ नसतो. ही कला या दोन शाळांच्या मधल्या गल्लीत उभी आहे.

दुसरी अडचण आवाजाची. ओठ न हलवता बोलायचं तर प, फ, ब, भ, म ही अक्षरं आडवी येतात, कारण त्यांना ओठ मिटावेच लागतात. शब्दभ्रमकार त्यांच्या जागी जिभेने जवळचा ध्वनी काढतो आणि ऐकणाऱ्याचा कान बाकीचं भरून घेतो. चित्रपटात आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करता येतो, मग नेम लागतो तो जबड्याचा. प्रत्येक अक्षराला तोंड उघडलं तर बाहुला चावत असल्यासारखा दिसतो. कुठली अक्षरं गिळायची हे अंगठ्याला कळावं लागतं. ते कळायला वर्षं जातात. काकांना आवाज जमत नाही, हे ते मोकळेपणी सांगतात. कॉलनीतली एक शाळकरी मुलगी पडद्यामागून बोलते आणि काका अंगठ्याने तिच्या मागे मागे जातात. दोघांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. ती घाईत वाक्य संपवते आणि बाहुला एक अक्षर उशिरा तोंड मिटतो.

तिसरी अडचण सामानाची आणि शरीराची. लगद्याचं डोकं दमट हवेत फुगतं, की पिना वाकतात आणि नजर पुन्हा कानाकडे जाते. फायबरचं डोकं टिकाऊ, पण त्याचा साचा करायला खर्च येतो. रबर काही वर्षांत चिकट होतं किंवा चिरा पडून भुगा होतं. बारीक स्प्रिंगा काका जुन्या घड्याळांतून आणि खेळण्यांतून काढतात, आणि एकसारखी जोडी मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. शिवाय भट्टीजवळ काम केलेली त्यांची बोटं आता पूर्वीसारखी हलकी नाहीत. तर्जनी थरथरली की बाहुल्याची नजर थरथरते. स्प्रिंगचा दोष काढता येतो, बोटाचा नाही.

आणि शेवटी पैशाचा प्रश्न. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या संमेलनात वीस मिनिटांचा खेळ होतो, त्यामागे महिन्यांचं काम असतं. आयोजक ऑर्केस्ट्राला जेवढे देतात त्याचा लहानसा भाग बाहुल्याच्या वाट्याला येतो. मोबाइलवर आता कुठलाही चेहरा बोलका करता येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं काकांच्या मुलालाच वाटतं. त्याचं उत्तर वादाने देता येत नाही. बाहुल्यासमोर बसवून देता येतं. मोबाइलमधला चेहरा सगळ्यांकडे सारखाच पाहतो. शेडमधला बाहुला खोलीतला एक माणूस निवडतो आणि त्याच्याकडेच पाहतो.

यावर उपाय आहे, आणि तो फार महागही नाही. पाध्ये घराण्याच्या बाहुल्यांच्या आतल्या रचनेची नीट रेखाचित्रं व्हावीत, मोजमापांसह. त्यांचे हात काम करताना जवळून चित्रित व्हावेत आणि ते चित्रण एखाद्या संग्रहालयात सांभाळलं जावं. आगकाड्यांच्या बाबतीत जे घडलं ते तात्या आणि अर्धवटरावाच्या बाबतीत घडू नये. आणि जिथे लेथ आहेत, पितळ कातणारे हात आहेत, अशा उरल्यासारख्या वसाहतींत सुट्टीच्या दिवशी चालणारी एखादी कार्यशाळा मराठी मंडळांनी सुरू करावी. काका शिकवायला तयार आहेत. त्यांची अट एकच: येणाऱ्या पोराने पहिला महिना तोंडाला हात लावायचा नाही, फक्त नजर मधे आणून थांबवायची.

३१ ऑक्टोबरला कॉलनीतल्या मुलांसमोर खेळ ठरला आहे. डावी स्प्रिंग काकांना अजून पटलेली नाही, ते ती बदलणार आहेत.