कोड बरोबर, वायरिंग बरोबर, तरी रोबो मध्येच का बंद पडतो?

लॅपटॉपला जोडलेला असताना रोबो मस्त चालतो. समोर हात धरला की थांबतो, मान वळवून डावीकडे-उजवीकडे बघतो. मग केबल काढून त्याला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली जाते, रोबो फरशीवर सोडला जातो आणि मान वळायला लागली की सगळं गंडतं. सर्व्हो मोटर थरथरते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, रोबो परत पहिल्यापासून सुरू होतो. परत तेच.

इथे बहुतेक जण कोड बदलत बसतात. मग नवा सेन्सर आणतात. शेवटी 'आपल्याला हे जमणारं नाही' म्हणून सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं जातं. पण अशा वेळी कोडची चूक बऱ्याचदा नसतेच. चुकलेला असतो तो विजेचा हिशोब.

हा हिशोब समजून घ्यायचा तर आधी रोबोच्या पोटात काय असतं ते बघू.

डोकं, डोळे आणि मान

घरी बनवलेल्या रोबोचं डोकं म्हणजे मायक्रोकंट्रोलर. नवशिक्यांचा आवडता बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेया या गावात झाला. तिथल्या डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वस्तात आणि सोप्या पद्धतीने सर्किट बनवता यावं, म्हणून मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. नाव ठेवलं गावातल्या एका बारवरून, आणि त्या बारचं नाव होतं तिथल्या एका जुन्या राजावरून. बोर्डाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं गेलं. म्हणूनच आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याच डिझाइनचे इतर कंपन्यांचे स्वस्त बोर्डही मिळतात.

उनोवरच्या चिपचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा टिकटिकतं. कामचलाऊ मेमरी मात्र फक्त २ केबी. आजच्या मोबाइलपुढे हे काहीच नाही, पण छोट्या रोबोला तेवढं पुरतं.

डोळ्यांचं काम बऱ्याचदा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर करतो. तो माणसाला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते बोर्डाला कळवतो. भिंत २० सेंटीमीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन ४० सेंटीमीटर कापतो. त्याला लागतात सुमारे १.१७ मिलिसेकंद. तेवढ्यात बोर्डाच्या घड्याळाचे १८ हजारांहून जास्त ठोके पडतात, त्यामुळे हा वेळ त्याला आरामात मोजता येतो.

आणि मान म्हणजे सर्व्हो मोटर. एसजी९० ही निळी, ९ ग्रॅमची मोटर तुम्ही पाहिली असेल. तिच्या आत एक छोटी मोटर, गिअर, एक सर्किट आणि दांडा किती फिरलाय हे सांगणारा व्हेरिएबल रेझिस्टर असतो. बोर्ड दर २० मिलिसेकंदांनी तिला एक छोटा सिग्नल पाठवतो. सिग्नल साधारण १ मिलिसेकंदाचा असेल तर मान एका बाजूला, दीडचा असेल तर मधे, २ चा असेल तर दुसऱ्या बाजूला.

मग घोळ कुठे होतो?

हुकूम देणं आणि ताकद देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिग्नलच्या वायरीतून जेमतेम करंट जातो. मान प्रत्यक्ष फिरवायची ताकद येते ती लाल वायरीतून.

उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा, ४० च्या वर गेलात तर चिप खराब होऊ शकते. सर्व्हो मात्र सुरू होताना किंवा कुठे अडकली तर काही शे मिलिअँपिअर मागते. म्हणून तिची लाल वायर साध्या पिनला कधीच लावायची नसते. बरेच जण ती बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला लावतात. लॅपटॉपच्या यूएसबीवर एक सर्व्हो तशी निभावूनही जाते.

पण ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोरात करंट देण्यासाठी बनलेलीच नाही. सर्व्होने एकदम हिसका दिला की तिचं व्होल्टेज कोसळतं. बोर्डाला ५ व्होल्ट तयार करायला साधारण ७ व्होल्ट लागतात, ते मिळत नाहीत. चिपला मिळणारं व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की ती स्वतःच रीसेट होते. ही बिघाड टाळण्यासाठी केलेली सोय आहे. आपल्याला मात्र वाटतं की कोड अडकला.

खात्री कशी करायची?

कोडच्या सेटअप भागात, म्हणजे जो सुरुवातीला एकदाच चालतो तिथे, १३ नंबरच्या पिनवरचा दिवा तीनदा लुकलुकायला सांगा. रोबो चालताना मधेच ते तीन लुकलुकणं दिसलं, तर बोर्ड रीसेट होतोय. आता सर्व्होची लाल वायर काढून तोच कोड चालवा. रीसेट थांबलं, तर कोडला हात लावू नका, वीजपुरवठा बघा. मल्टिमीटर असेल तर उत्तमच, पण क्षणभराची घसरण त्यावर दिसेलच असं नाही.

उपाय काय?

सर्व्होला स्वतःची बॅटरी द्या. चार रिचार्जेबल एए सेल मिळून ४.८ व्होल्ट होतात, ते एसजी९० ला चालतात. लाल वायर या सेलच्या प्लसला, तपकिरी वायर मायनसला आणि नारिंगी, म्हणजे सिग्नलची वायर बोर्डाला. बोर्ड आणि सेन्सर तेवढे ९ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवले, तर ती काही तास पुरते.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. सेलचं मायनस बोर्डाच्या ग्राउंडलाही जोडायचं. दोघांचं शून्य एकच नसेल तर बोर्डाचा सिग्नल सर्व्होला नीट कळत नाही. वेगळी बॅटरी लावूनही मोटर थरथरत असेल, तर आधी हीच वायर तपासा. सर्व्होच्या प्लस-मायनसमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की छोटे हिसके तो झेलतो. तो उलटा लावू नका, पांढरा पट्टा मायनसच्या बाजूला असतो.

चाकांचंही असंच आहे. एल२९८एन हा लोकप्रिय मोटर ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. म्हणजे ६ व्होल्टची बॅटरी लावली तर चाकांना मिळतात ४. मोटर ढिली वाटते, पण ती खराब नसते.

जास्त ताकद हवी म्हणून अनेक जण १८६५० लिथियम सेलकडे वळतात. दोन सेल जोडून पूर्ण चार्ज केले की ८.४ व्होल्ट होतात आणि एसजी९० ची मर्यादा साधारण ६ आहे. त्यामुळे मधे व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर लागतोच. हे सेल शॉर्ट झाले तर पेटू शकतात. होल्डर, संरक्षक सर्किट आणि त्यांचाच चार्जर, यात काटकसर नको. चार्जिंगला लावून झोपूही नका.

हे कळणं का महत्त्वाचं?

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातात आता शाळेतच हे बोर्ड येतात. शिकवताना भर असतो कोडवर, त्यामुळे रोबो बंद पडला की मुलं स्वतःलाच दोष देतात. खरं तर बॅटरी मोजायला शिकणं हाही रोबोटिक्सचाच धडा आहे. घरातलं कुणी 'मला कोडिंग येत नाही' म्हणून असा प्रोजेक्ट सोडत असेल, तर आधी विचारा, सर्व्होची लाल वायर कुठे लावली आहेस?