ठसा आणि भरवसा

माणदेशात पाऊस बेताचा. त्यामुळे आटपाडी, विटा, खानापूर या भागातील अनेक माणसे पोटापाण्यासाठी मुलूख सोडून दूर गेली आणि केरळ-तामिळनाडूपर्यंत गलाईच्या धंद्यात स्थिरावली. जुने सोने मुशीत आटवायचे, त्यातला हीणकस भाग काढायचा आणि शुद्ध सोने परत द्यायचे, हे त्यांचे काम. परक्या गावात, परक्या भाषेत लोक घरचे सोने त्यांच्या हाती देतात. एकदा का कस खोटा निघाला, की त्या पेठेत दुसरे गिऱ्हाईक मिळायचे नाही; हीच तिथली हमी!

पण मोठ्या शहरात घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत नाहीत. तेथे शब्दाची जागा ठशाला घ्यावी लागते. इंग्लंडात इ. स. १३०० पासूनच असा कायदा होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांकही आवश्यक झाला.

आता हा ठसा सांगतो काय? ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, अर्थात बावीस कॅरट. ७५० म्हणजे अठरा. तो घडणावळ वाजवी आहे असे सांगत नाही, खड्यांचे मोल सांगत नाही, वजनाची ग्वाहीही देत नाही. ते सारे पावतीवर निरनिराळे लिहून घ्यावे.

परीक्षेच्याही दोन तऱ्हा आहेत. क्ष-किरणांचे यंत्र झटपट उत्तर देते, पण ते पृष्ठभागच पाहते. खरी परीक्षा अग्नीची. सोन्याचा कण चांदी व शिशासह तापवतात. शिसे हीणकस धातू घेऊन मुशीत शोषले जाते, नत्राम्लात चांदी विरघळते आणि उरते ते निव्वळ सोने तोलतात.

ठसाही खोटा असू शकतो, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे. म्हणून तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर घालून पाहावा. तेथे सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, कस आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हातात पाटली आणि नोंद अंगठीची, असे आढळले तर सौदा तिथेच थांबवावा!

शंका उरल्यास मान्यताप्राप्त केंद्रात फी भरून तपासणी करून घेता येते. कस कमी ठरला तर २०१८ च्या नियमांप्रमाणे तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. दहा ग्रॅमची ९१६ ची पाटली ८७५ ची निघाली, तर तूट ०.४१ ग्रॅम सोन्याची, भरपाई ०.८२ ग्रॅमच्या किमतीची.

अडीनडीला मोडायचे सोने त्या दिवशी कमी भरले, तर मुलाची फी किंवा दवाखान्याचे बिल अडते. तेव्हा या दिवाळीत खरेदी करताना क्रमांक दुकानातच पडताळावा आणि पावती दागिन्याइतकीच जपून ठेवावी.