खेळाच्या पुरवणीविषयींचे तर्क

मासिकांतील कादंबरीचें पुढचें प्रकरण हातीं येईपर्यंत वाचकांनीं नायकाच्या नशिबाविषयीं पैजा लावाव्या, हा प्रकार सुशिक्षित घरांना नवा नाहीं. त्याच हौसेचें एक अर्वाचीन रूप संगणकावरील युद्धनीतीच्या खेळांभोवतीं वाढलेलें दिसतें. हे खेळ एकदां विकले म्हणजे संपले, असें होत नाहीं. मूळ खेळ बाजारांत आल्यावर कांहीं काळानें त्याची पुरवणी निघते. तींत नवीं राज्यें, नव्या मोहिमा आणि नवीं सैन्यें असतात, व ती निराळी किंमत देऊन घ्यावी लागते. अशी पुरवणी जाहीर होण्यापूर्वीं खेळाडूंमध्यें महिनेच्या महिने एकच चर्चा चालू असते : या खेपेस कोण येणार? वरवर पाहणारास ही चर्चा पोरकट वाटेल. परंतु ती लक्षपूर्वक ऐकल्यास तिच्या तळाशीं एक गंभीर प्रश्न आढळतो. इतिहासांत कोणास स्वतःचें नांव मिळावें आणि कोणी दुसऱ्याच्या नांवाखालीं राहावें, हा तो प्रश्न होय.

‘एज ऑफ एम्पायर्स’ या मालिकेंतील दुसरा खेळ याचें उत्तम उदाहरण आहे. तो 1999 सालीं अमेरिकेंत निघाला. खेळणारा मूठभर गांवकरी घेऊन आरंभ करतो. लांकूड, अन्न, सोनें व दगड जमवतो. गांवाचें नगर करतो आणि चार युगें ओलांडीत शेजाऱ्याशीं झुंजतो. कालखंड स्थूलमानानें रोमन साम्राज्याच्या पडझडीपासून सोळाव्या शतकापर्यंतचा. खेळांतील प्रत्येक लोकसमूहास ‘संस्कृति’ असें म्हणतात, व प्रत्येकीचें एखादें खास सैन्य आणि खास गुण असतात. आरंभीं अशा तेरा संस्कृति होत्या. 2000 सालच्या पुरवणीनें त्यांत पांचांची भर घातली, आणि 2025 च्या मे महिन्यांत ही संख्या पन्नासावर गेली.

मधल्या काळांत एक विलक्षण गोष्ट घडली. कांहीं वर्षें अधिकृत पुरवणी निघत नव्हती, तेव्हां कांहीं खेळाडूंनीं स्वतःच एक पुरवणी रचली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं 2013 सालीं तिला अधिकृत मान्यता मिळून ती विक्रीस आली, आणि हौशी मंडळींचा तो गट पुढें या खेळाचा मुख्य रचनाकार बनला. तेव्हांपासून खेळाडूंच्या तर्कांना निराळेंच वजन आलें. काल ज्यांनीं तर्क केले तेच आज निर्णय घेतात, ही जाणीव सर्वांस असते.

हे तर्क केले जातात तरी कशाच्या आधारावर? पहिला आधार खेळांतील उणीवेचा. खेळांतील ऐतिहासिक मोहिमांत असे कित्येक लोक येतात कीं ज्यांना स्वतःची संस्कृति नसते. त्यांना दुसऱ्याचा वेष चढवून उभें केलें जातें. 1999 सालीं पूर्व आशियांतील चिनी, जपानी व मंगोल या तीनच संस्कृति होत्या. त्यामुळें चेंगीझखानाच्या मोहिमेंत तंगुत लोक आले, ते उसन्या रूपांत. जेथें असें उसनें रूप दिसतें, तेथें उद्यां नवें नांव येईल, असा हा तर्क आहे. दुसरा आधार रचनाकारांच्या शब्दांचा. त्यांच्या निवेदनांतील एखादें विशेषण, चित्रांतील एखाद्या देवळाचें शिखर, दुरुस्तीच्या वेळीं संगणकांत उतरलेलें एखादें अनोळखी नांव, यांवर खेळाडू तासन् तास खल करतात. तिसरा आधार बाजाराचा : ज्या देशांत गिऱ्हाईक पुष्कळ, त्या देशाचा इतिहास अगोदर येणार, हें गणित कोणासही समजतें.

भारताची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. 2013 च्या पुरवणींत सबंध भारतखंडास ‘इंडियन’ ही एकच संस्कृति मिळाली. तमिळ आरमार, बंगालचे पाल राजे आणि दिल्लीचे सुलतान हे सारे एकाच पिशवींत कोंबले गेले. युरोपांत ब्रिटन व फ्रँक वेगळे, तर भारतांत सर्व एक कसे, असा प्रश्न खेळाडू वर्षानुवर्षें विचारीत राहिले, आणि पुरवणी निघणार असें कळलें कीं भारताच्या विभागणीचा तर्क पुन्हां डोकें वर काढी. अखेर 2022 च्या एप्रिलमध्यें तो खरा ठरला. त्या पुरवणीनें द्रविड, बंगाली व गुर्जर या तीन संस्कृति नव्यानें आणल्या आणि जुन्या संस्कृतीचें नांव ‘हिंदुस्तानी’ असें बदललें. राजेंद्र चोल, देवपाल व बाबर यांच्या मोहिमाही तींत आल्या. खेळांतील द्रविड सैनिक आतां तमिळ बोलतो, बंगाली सैनिक बंगाली बोलतो.

परंतु सर्वच तर्कांचा शेवट असा गोड होत नाहीं. 2025 सालीं चीनविषयक पुरवणी येणार असा सुगावा लागतांच खेळाडूंनीं आपली यादी तयार केली : तंगुत, तिबेटी, खितान, जुर्चेन. या यादीमागें अभ्यास होता. खितानांचें लिआओ राज्य 916 पासून 1125 पर्यंत टिकलें, जुर्चेनांचें जिन राज्य 1115 पासून 1234 पर्यंत, आणि तंगुतांचें पश्चिम शिआ 1038 पासून 1227 पर्यंत. खेळाच्या काळांत हीं सर्व राज्यें चपखल बसतात. प्रत्यक्षांत खितान व जुर्चेन आले. पण तंगुत व तिबेटी यांच्या जागीं शू, वेइ व वू हीं ‘तीन राज्यें’ आलीं. त्यांचा काळ इ. स. 220 ते 280, म्हणजे खेळाच्या नेहमींच्या सीमेच्या बराच अलीकडे. शिवाय तीं तिन्ही एकाच चिनी लोकांचीं राजकीय भांडणें. सामान्य सामन्यांत लिऊ बेइ, त्साव त्साव यांच्यासारखे वीरपुरुष उतरवण्याची सोयही त्यांत होती. पुष्कळ खेळाडूंस हें मुळींच रुचलें नाहीं. त्यांचा आक्षेप असा कीं, ज्यांचीं राज्यें बुडालीं व ज्यांची लिपिही मागें पडली, त्या तंगुतांस निदान एका खेळांत तरी जागा मिळाली असती. दुसऱ्या बाजूनें हेंही खरें कीं तीन राज्यांची कथा पूर्व आशियांतील घराघरांत ठाऊक आहे, आणि विक्रेत्यास ओळखीच्या नांवाचा मोह पडणें स्वाभाविक आहे.

मराठी खेळाडूंस हा वाद परका वाटण्याचें कारण नाहीं. शिवकाल सतराव्या शतकांतला, म्हणून तो या खेळाच्या मर्यादेबाहेर पडतो; मराठ्यांस 2009 सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या दुसऱ्या खेळांत जागा मिळाली, कारण त्याची मोहीम 1700 पासून सुरू होते. परंतु देवगिरीचे यादव मध्ययुगांतले, आणि 2022 च्या विभागणींतही त्यांस स्वतंत्र नांव मिळालें नाहीं. ‘दख्खनचें काय?’ हा प्रश्न म्हणूनच न्याय्य ठरतो.

मात्र प्रश्न न्याय्य असला म्हणजे त्याचें उत्तर ठरलेलेंच आहे, असें होत नाहीं. अमुक गोष्ट जाहीर झाली आहे, अमुक गोष्ट पुराव्यावरून संभवते, आणि अमुक गोष्ट व्हावी अशी इच्छा आहे, या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. चर्चेच्या भरांत तिसरीवरचा मनुष्य पहिलीवर उभा असल्यासारखा बोलूं लागतो, आणि पुरवणी हातीं आली कीं न दिलेलें वचन मोडल्याबद्दल रचनाकारांवर रागावतो. ज्यास या तीन पायऱ्यांचें भान राहतें, त्याचा तर्क चुकला तरी श्रम वायां जात नाहींत; कारण यादी करतांना त्यानें लिआओ आणि जिन यांचा इतिहास वाचलेला असतो, व तो कोणत्याही पुरवणीवर अवलंबून नसतो.