फाशात तितर, विहिरीत पारवा

बुलढाणा जिल्ह्यातील पक्ष्यांच्या शिकारीचा विषय निघाला की फासेपारधी जमातीचे नाव प्रथम घेतले जाते. तथापि पारव्याची, म्हणजे निळसर राखी रंगाच्या रानकबुतराची शिकार त्या जमातीच्या खास कौशल्यात बसत नव्हती, असे तिच्या साधनांच्या रचनेवरून दिसते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जाती-जमातींवरील ग्रंथात ज्यांची नोंद आहे, त्या पारध्यांचा फासा हा जमिनीवर चालणाऱ्या पक्ष्यासाठी असतो. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे सरकते फास बारीक काड्यांना बांधून ते गवतातल्या वाटेवर आडवे रोवले जातात, मागे पिंजऱ्यात पाळीव तितर ठेवला जातो, आणि त्याची हाक ऐकून आपल्या हद्दीत कोण घुसला हे पाहायला रानातला तितर तावातावाने चालत येतो व पायाने किंवा मानेने अडकतो. लाव्यालाही हाच फासा चालतो. पारवा मात्र मोकळ्या रानात दाणे टिपून थव्याने उडून जाणारा आणि मुक्कामाला कडेकपारी, पडके वाडे किंवा विहिरी शोधणारा पक्षी आहे.

त्यामुळे पारव्याची खरी शिकारभूमी म्हणजे दगडी बांधणीची जुनी विहीर. तिच्या चिऱ्यांमधील खबदाडांत पारवे घरटी करतात. अंधार पडल्यावर तोंडावर जाळे पसरून आत खडा टाकला की दचकलेल्या पक्ष्यांना वर उडण्यावाचून वाट उरत नाही आणि ते जाळ्यात येतात. यासाठी पिढीजात विद्या लागत नाही, गावातली चार पोरेही ते करू शकतात. बहुधा म्हणूनच या शिकारीकडे लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नसावे.

पानातही पारव्याचे स्थान वेगळेच राहिले. चरकसंहितेत तितर आणि लावा हे ‘विष्किर’, म्हणजे उकरून खाणाऱ्या पक्ष्यांच्या वर्गात, तर पारवा ‘प्रतुद’, म्हणजे चोचीने टोचून खाणाऱ्यांच्या वर्गात घातलेला आहे. लोकसमजुतीने पारव्याचे मांस उष्ण ठरवले आणि लकव्याच्या रोग्याला त्याचा रस्सा पाजण्याची चाल पडली, जिला वैद्यकीय आधार नाही. सतत उडण्यामुळे छातीचे मांस गडद, चरबी कमी आणि वय झालेल्या पक्ष्याचे तंतू चिवट असतात. अशा मांसाला भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवलेला पातळ रस्साच मानवतो. पिल्लू मात्र महिनाभरात, उडू लागण्यापूर्वीच, जवळजवळ पूर्ण वजनाचे होते आणि त्याचे मांस कोवळे राहते. खवय्यांची नजर नेमकी त्यावर असे, आणि या सबंध प्रकारातील सर्वांत निर्दय भाग तोच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी, होले आणि इतर कबुतरे समाविष्ट होती व पारवा तेवढा नावानिशी वगळलेला होता. तितर-लाव्यांवर जगणारा पारधी कायद्याने गुन्हेगार ठरला, विहिरीवर जाळे टाकणारा मात्र त्या यादीच्या बाहेर राहिला. बुलढाणा आणि खामगावदरम्यानच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, जे १९९७ साली घोषित झाले, ही सूटही लागू नव्हती.