एनर्जाइज्ड म्हणजे तरतरी, तकवा की हुरूप?

आपल्या तिकोणा पेठेतून गडावर जाऊन आलेली मुलं खाली चहा पिताना म्हणतात, ‘एकदम एनर्जेटिक वाटतंय!’ चूक नाही. पण त्यांना म्हणायचं असतं ते ‘एनर्जाइज्ड’. ‘एनर्जेटिक’ बहुधा माणसाची तऱ्हा सांगतो. ‘एनर्जाइज्ड’ म्हणजे कशामुळे तरी ऊर्जा मिळालेला. विजेच्या तारेत प्रवाह सोडला की इंग्रजीत तिलाही हेच विशेषण लावतात.

मूळ शब्द ग्रीक, ‘एनर्गेइया’. ‘एर्गॉन’ म्हणजे काम. कामात असणं हा त्याचा अर्थ. ॲरिस्टॉटल इथे एक सुंदर भेद करतो. घर बांधणं संपेपर्यंत अपुरंच असतं. पाहणं तसं नाही. पाहतो आहे त्याच क्षणी पाहिलेलंही असतं. आता गडाचंच घ्या. चढण माथ्यावर पोचेपर्यंत अपुरी. पण माथ्यावरून पवनेचं पाणी आणि समोरचा तुंग बघत बसणं क्षणोक्षणी पुरं. ॲरिस्टॉटलच्या लेखी एनर्गेइया ती. तिच्यात साठा वगैरे काही नाही. भौतिकशास्त्रातली मोजता येणारी ‘एनर्जी’ फार पुढची, थॉमस यंगच्या 1807 साली छापलेल्या व्याख्यानांतली. आपण मात्र ‘चार्ज झालो’ म्हणतो, जणू माणूस म्हणजे मोबाईल!

मराठीत हे वेगळ्या रीतीनं बोललं जातं. आपल्याकडे तरतरी ‘येते’, हुरूप ‘येतो’, तोही ‘मला’. आणि शब्द एक नाही. चहानं येते ती तरतरी. पेजेनं, दुधानं अंगात येतो तो तकवा. कामाला मन पुढे होतं तो हुरूप. तापातून उठलेल्याला आमच्या घरी विचारायचे, ‘आता जरा हुशारी वाटते का?’ ही हुशारी परीक्षेतली नव्हे. फारसीतल्या ‘होश’शी, म्हणजे शुद्धीशी, नातं सांगणारी.

हा नुसता शब्दांचा शौक नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस डॉक्टरांना ‘एनर्जी नाही’ एवढंच सांगतो, तेव्हा पाय लटपटतात की कशात मन लागत नाही, हे कळायला मार्ग नसतो. ‘तकवा नाही’ ही एक तक्रार, ‘हुरूप नाही’ ही दुसरी. आणि दोन्हींवर एकच टॉनिक चालत नाही.

म्हणून ‘एनर्जाइज्ड’चं मराठी करताना आधी बघावं, नेमकं काय आलं. गड उतरलेल्या मुलांचा तकवा तर गेलेला असतो, गुडघेही बोलत असतात. तरी पुढच्या रविवारी तुंगला जायचं ठरत असतं. त्यांना आलाय तो हुरूप.