दोन हिवरखेड आणि संगणकाचा घोळ

हिवरखेड अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आहे, तसेच अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातही आहे. पत्रावर नुसते गावाचे नाव लिहिले तर टपाल कोठे जाईल, याचा नेम नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या पिनकोडमुळे हा घोळ बराच मिटला. संगणकाची आज्ञावली जुळवणाऱ्या कंपायलरपुढेही असाच पेच उभा राहतो; फरक इतकाच, की तो पोस्टमनसारखा तर्क लढवीत नाही, सरळ काम थांबवितो.

समजा, हिवरखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने कापसाच्या वजनांची नोंद ठेवणारे आयफोनचे ॲप ॲपलच्या ‘कोअर डेटा’ या सुविधेवर बेतले. गाव, शेतकरी, वजन असा माहितीचा आराखडा त्याने काढायचा आणि त्यावरून आज्ञावली यंत्राने लिहायची, अशी ही सोय. २०१६ मध्ये आलेल्या एक्सकोड ८ पासून ही आज्ञावली बिल्डच्या वेळी आपोआप तयार होते आणि प्रकल्पात न दिसता ‘डिराइव्ड डेटा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाऊन बसते. बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या न दिसण्यात आहे. विद्यार्थी मेनूतून ‘गाव’ची फाइल स्वतः तयार करून घेतो, यंत्रही तीच तयार करते आणि एकाच नावाचे दोन ‘गाव’ झाल्याने बिल्ड अडते.

अशा वेळी यंत्राच्या फाइलमध्ये हात घालणे व्यर्थ होय. पुढच्या वेळी ती पुन्हा लिहिली जाते आणि दुरुस्ती पुसली जाते. इलाज आराखड्यातच करावा लागतो. स्वतःची फाइल ठेवायची असेल तर तेथील ‘कोडजेन’ या खान्यात ‘मॅन्युअल/नन’ निवडावे. अन्यथा ‘क्लास डेफिनिशन’ तसेच ठेवून स्वतःची फाइल काढून टाकावी. त्यानंतर ‘क्लीन बिल्ड फोल्डर’ करावे, कारण जुन्या फाइली मागे रेंगाळतात.

दुसरी नेहमीची ठेच नावाची. रकान्याला ‘डिस्क्रिप्शन’ हे नाव चालत नाही. ॲपलच्या मूळ वर्गाने ते आधीच घेतलेले आहे.

नाव बदलले की बिल्ड होते, पण खरा धोका त्यानंतरचा आहे. ॲप लोकांच्या हाती गेल्यावर रकान्याचे नाव आहे त्याच आराखड्यात बदलले, तर जुना साठा नव्या आराखड्याशी जुळत नाही आणि उघडतच नाही. स्वतःच्या फोनवर ॲप काढून पुन्हा टाकले की अडचण दूर होते, म्हणून प्रोग्रामर निर्धास्त राहतो. शेतकऱ्याने तेच केले तर त्या फोनमधील हंगामभराची वजने जातील. यासाठी जुना आराखडा न मोडता त्याची नवी आवृत्ती जोडावी आणि बदललेल्या रकान्याच्या ‘रिनेमिंग आयडी’त जुने नाव लिहावे. मग साधे बदल कोअर डेटा स्वतःच जुन्या नोंदींवर चढविते.